मीटर जिवंत आहे का

आई जाऊन आठवडाही झाला नव्हता, तरी तो कामावर आला. ड्रिल लावण्याआधी जमिनीत गॅस आहे का, हे तपासणं त्याचं काम. त्याने आधी पाडलेल्या बारीक भोकात मीटरची नळी सोडली. मीटरवर शून्य.

"मग लावू का?" ड्रिलवाला वैतागला.

"जमीन काय पळून जातेय? मेलेला मीटरही शून्यच दाखवतो."

त्याने नळी बाहेर काढून तिच्या तोंडाशी लायटरचा गॅस सोडला. मीटर किंचाळला. नळी पुन्हा भोकात गेली, शून्य.

"आता लाव."

घरी बहीण रडून रडून अर्धी झाली होती. त्याच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. संध्याकाळी कपाटातून आईची शाल काढून त्याने नाकाशी धरली.

"दादा, काय करतोयस?"

"तपासतोय," तो म्हणाला, आणि आणखी थोडा वेळ थांबला.