पाण्यातला पाय

पंचफुला दारापर्यंत चालत गेली आणि वळली.

"अजून एक डाव," रेणुकाबाई म्हणाल्या. "पातळ जरा वर घे, बाई."

डोमाजी मास्तरांनी मान खाली घातली. लेकीच्या उघड्या घोट्यांकडे त्यांना पाहवेना. पण चालून दाखव, असं सांगितलं होतं त्यांनीच.

मुलगी पाहायला पाहुणे सकाळी पैनगंगा उतरून भीमपुरात आले, तेव्हा पंचफुला गुडघाभर पाण्यात एक पाय पुढे टाकून धुणं धूत होती. सतरंजीवर टेकल्याबरोबर मुलाच्या आईनं, रेणुकाबाईंनी विचारलं होतं,

"मास्तर, पोरीचा पाय मोडला होता काय? पाण्यात वाकडा दिसला."

"नाही जी. ते... वक्रीभवन," मास्तर पुटपुटले. पुस्तकातला शब्द. दर वर्षी वर्गात फळ्यावर लिहायचे तोच.

"वक्री मंजे वाकडाच ना जी?"

नवरा मुलगा खुशाल रुमालाआड हसला. मास्तरांना घाम फुटला. समोर पाण्याचा गिलास होता, खिशात पेन्सिल होती. पण सोयरीक मोडते की काय, या धाकानं तोंडातून भलतंच निघालं, "पंचफुला, जरा चालून दाखव."

पंचफुला दुसऱ्यांदा चालून आली.

"सरळ हाय," रेणुकाबाई म्हणाल्या. "पसंत हाय आमाले."

मास्तरांनी मान डोलावली. पोरीला विचारतो, एवढंही त्यांना म्हणता आलं नाही.

पाहुणे अंगणात चपला घालू लागले. पंचफुला गिलास उचलायला आली. तिनं वडिलांच्या खिशातली पेन्सिल काढली, अर्ध्या गिलासात सोडली आणि गिलास त्यांच्यापुढे सरकवला. पाण्याला टेकल्या जागी पेन्सिल मोडलेली दिसत होती.

"तुमच्याच वर्गात होती मी, बाबा," ती म्हणाली आणि आत गेली.

मास्तर पाहुण्यांना पोचवायला नदीपर्यंत गेले. ओली पेन्सिल मुठीतच होती.

खुशालनं पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि तो पाण्यात उतरला. दोन्ही पाय पाण्याशी मोडले.

"खुशालराव!"

शेवटच्या बाकापर्यंत कधी न पोचणारा आवाज नदीपार गेला. रेणुकाबाईही वळल्या.

"जरा बाहेर या जी," मास्तर म्हणाले. "चालून दाखवा."