सावित्राबाईंच्या गोठ्यातला बल्ब

"गोठ्यात दिवा का नव्हता, मावशी?" फाटलेला कूड काठीनं उचकटत वनरक्षक हनुमंतनं विचारलं. "लोहगडवाडीत घरोघर सांगून गेलतो ना मी? उजेड असला की बिबट्या बिचकतो."

सावित्राबाईंनी शेजारच्या चैतालीकडं एकदाच पाहिलं.

"बलब उडालता. आनायचा ऱ्हायला."

"एका बल्बापायी दुभती शेळी घालवलीत! लहान पोरं बरी तुमच्यापेक्षा."

"व्हय बाबा. चुकलंच माजं."

चैतालीनं कडेवरच्या छकुलीला घट्ट धरलं. बोल, आत्ता बोल, असं ती स्वतःला बजावत होती. बल्ब उडाला नव्हता. अवसेच्या आसपास तो बंद ठेवा, अशी गळ तिनंच घातली होती. गच्चीवरच्या तिच्या दुर्बिणीत नेमका तोच उजेड शिरायचा. "तुजं शिक्षनाचं काम, त्यात माज्या बलबाची अडचन कशाला?" म्हणत सावित्राबाईंनी बटण बंद केलं होतं. वर हसल्याही होत्या, "माजी मोरी शेळी काय रातीला पेपर वाचती व्हय?"

छकुली नुसती शिंकली तरी चैतालीचा जीव वरखाली व्हायचा. दिवेलागणीला तिच्या दाराला कडी, खिडक्यांना जाळी. समोरच्या गोठ्याचा विचार मात्र मनाला शिवला नव्हता.

हनुमंत गेला आणि फोन वाजला. आकाशाचे फोटो काढणाऱ्यांच्या ग्रुपवर शुभदाताईंनी लिहिलं होतं, 'अभिनंदन! कॅमेऱ्याचा डाग नाही तो. खरंच आहे.'

चैतालीनं काढलेले कित्येक रात्रींचे फोटो एकावर एक रचल्यावर आपल्या आकाशगंगेसारख्या एका मोठ्या दीर्घिकेभोवती धुरकट पट्टा उमटला होता. तिच्याभोवती फिरणारी एक छोटी दीर्घिका होती ती. मोठी तिला ओढून घेत होती आणि छोटीचे तारे मागं सांडत चालले होते. बड्या दुर्बिणींना एका जागी इतका वेळ बघत बसायला सवड नसते, म्हणून असलं काही कधीकधी हौशी माणसांच्या हाती लागतं. हा निरोप काल आला असता, तर चैताली वाडीभर सांगत सुटली असती. तिनं फोन पालथा घातला.

"मावशी, मघाशी मी सांगायला हवं होतं..."

"काय सांगनार हुतीस? तुला बोल लावला असता त्यानं. लेकुरवाळी तू." मग सावित्राबाईच ओशाळल्या. "छकुलीचं दूध तेवढं बंद झालं गं. बघते कुनाकडं मिळतं का."

चैतालीला मान वर करवेना.

तिन्हीसांजेला तिनं गोठ्यात जाऊन स्वतः बल्ब लावला. रिकामी दावण, अर्धवट खाल्लेला पाला, सगळं लख्ख दिसायला लागलं. मागून सावित्राबाई आल्या.

"आता कशाला गं? आत कोन हाय? तू आपले फोटू काड."

त्यांनी बटण बंद केलं आणि चाचपडत घरात गेल्या.

गच्चीवर दुर्बिणीचं झाकण चैतालीनं काढलंच नाही. ती कठड्याशी उभी राहिली. गोठ्यापासून थेट गडापर्यंत कुठंच उजेड नव्हता. अंधार अगदी तिला हवा होता तसा होता.