हरतालिकेचं पाणी

कट्. गोळीच्या पाकिटाची चांदी फुटली आणि स्वयंपाकघरातली शांतता मोडली. इरावतीने दाराकडे पाठ करून गोळी तोंडात टाकली, वर भांडंभर पाणी प्यायली.

आज हरतालिका. माहेरी नागपूरला उपासाला फळं, दूध चालायचं. पण गंगेकाठी, दुर्गाघाटावरच्या या घरात सासूबाईंनी, प्रमोदिनीबाईंनी, शेजारच्या, तीज पाळणाऱ्या उत्तरेकडच्या बायकांचं बघून कडक निर्जळी धरलेली. सुनेनेही ती धरायची, हे कुणी बोलून दाखवायचीही गरज नव्हती.

गेल्या वर्षी तिने धरली. या औषधाला अंगातलं पाणी कमी पडून चालत नाही. संध्याकाळी हात थरथरू लागले, मग ओकाऱ्या, मग सलाईन. घरात तिच्या नवऱ्याने, निमिषने सांगितलं, अशक्तपणा. डॉक्टरांनी मात्र तिला बजावलं, पुन्हा असं केलंत तर जिवावर बेतेल.

"चोरून पी ना," निमिष काल म्हणाला, "आईला कशाला सांगतेस?" त्याला काय, तो बँकेत निघून जायचा. डाळीच्या डब्यामागे गोळ्या, न्हाणीघरात पाणी, दरवेळी नवं कारण. लपवून लपवून ती थकून गेली होती.

"पाणी प्यालीस?" दारात सासूबाई. हातात पिंडीसाठी आणलेली गंगेची वाळू, मागे छोटी ईशानी.

"हो, आई."

"अगं, नवऱ्यासाठी एक दिवस कळ काढवत नाही? तोंडाला काय नळ बसवलाय?"

इरावती खालीच बसली. "आई, मला मनाचा आजार आहे. ईशानी झाली तेव्हापासून. ही गोळी त्याची. पाणी नाही प्यायले तर तिचंच विष होतं. गेल्या वर्षी तेच झालं."

सासूबाईंनी वाळू परातीत ओतली. मग वाळूवरून हात फिरवत विचारलं,

"निमिषला ठाऊक आहे?"

"हो."

"म्हणजे मीच तेवढी परकी." मग हळूच, "पी पाणी. दुपारी चार घास भातही खा. पण संध्याकाळी बायका आल्या की पित्त झालंय म्हणायचं. माझ्या लेकीचं, ऋताचं लग्न ठरायचंय अजून. घरात कोणाला काय आहे, सगळं बघतात लोक."

इरावतीला चीड यायला हवी होती. तेवढीही ताकद नव्हती. निदान एका माणसापासून लपायचं संपलं. तिने सासूबाईंच्या समोरच आणखी एक भांडं भरून घेतलं.

ईशानी वाळूत बोट खुपसून दोघींकडे बघत होती.

"आई, मी मोठी झाले की आजीसारखा उपास करायचा, की तुझ्यासारखी गोळी घ्यायची?"