ओळीच्या पायाशी खरवडलेला ठिपका

मित्रांनो, मी एक जुना प्रिंटर आहे. बारीक पिनांनी ठिपके मारून मी अक्षरे आणि आकडे छापतो. माझी उमेदीची वर्षे एका वेधशाळेत गेली.

तिथे एक बाई दूरच्या ताऱ्यांचा अभ्यास करत. ग्रह आड आला की तारा किंचित मंदावतो, त्यावरून ग्रहाचा आकार कळे. तारा किती डुलतो त्यावरून वजन. उत्तर वाचायला त्या खोलीत फक्त माझाच कागद होता. सकाळी तो फाडून घेताना बाई मला थोपटत.

पुढे माझी सर्वांत वरची पिन अडकू लागली. नको तिथे ठिपके उमटत. बाई ते ब्लेडने खरवडत. त्यांचे यजमान तिथेच यंत्रे दुरुस्त करत.

"अहो, जगाची यंत्रं नीट करता, आमच्याच प्रिंटरला गोवर आलाय तो दिसत नाही?"

"छापतोय ना? मग छापू दे. बघतो सवडीने."

ती सवड काही झाली नाही.

एकदा मी एका प्रचंड वायुग्रहाची घनता छापली, ‘.१’. म्हणजे पाण्याच्या दहाव्या हिश्शाइतकी. एवढा थोरला ग्रह आणि साबणाच्या फेसासारखा हलका! बाईंना तो माझाच चुकार ठिपका वाटला. त्यांनी तो खरवडला. उरला १. चारचौघांसारखा ग्रह म्हणून त्यांनी तो वहीत उतरवला. मला बोलता आले असते तर!

दोन वर्षांनी बाई आजारपणात गेल्या. त्यांचे टेबल आवरताना यजमानांच्या हाती तो कागद आला. त्यांनी तो उजेडाकडे धरला. माझे चुकार ठिपके ओळीच्या डोक्यावर पडत. खरवडल्याची खूण तर पायाशी, दशांशचिन्हाच्या जागी होती. हा फरक ठाऊक असलेला माणूस त्या इमारतीत एकच होता.

ते कागद घेऊन वेधशाळेच्या मोठ्या साहेबांकडे गेले. म्हणाले, "हा ठिपका खरा होता. चूक तिची नाही, माझी आहे."

पुन्हा मोजमाप झाले. ग्रह खरोखरच तितका हलका निघाला. शोधावर बाईंचे नाव लागले.

त्या दुपारी यजमानांनी मला उघडले आणि पिन साफ केली. दहा मिनिटांचे काम. पहिला कागद स्वच्छ आला, तेव्हा सवयीने म्हणाले, "झालं गं."

मित्रांनो, घरातले कुणी लहानसे काम सांगितले तर लगेच करा. काम झालेले बघायला ते सांगणारे माणूस हयात असायला हवे.