मुरमातली करणी

शालबुवांनी खड्ड्यावर भगवी शाल पसरली तेव्हा अंगणात मुंगीला शिरायला जागा नव्हती. पोरं गोठ्याच्या पत्र्यावर चढली होती, बायका तोंडाला पदर लावून उभ्या होत्या. नृसिंहवाडीच्या पलीकडच्या काठावरचं हे गाव एरवी ग्रामसभेला बोलावून जमत नाही. करणी निघणार म्हटल्यावर न बोलावता लोटलं.

"हात लावू नका कुनी, जिती हाय," बुवा म्हणाले. "मला सवय हाय चावून घ्यायची."

दोन्ही हात त्यांनी शालीखाली कोपरापर्यंत घातले, डोळे फिरवले, थोडं मराठी, थोडं कानडी आणि उरलेलं कुठल्याच भाषेत नसलेलं पुटपुटले. मग मातीनं माखलेलं गाठोडं वर आलं. त्यात टाचण्या टोचलेली चिंध्यांची बाहुली होती, वाळून काळं पडलेलं लिंबू होतं आणि जांभळ्या इरकलाचा तळहाताएवढा तुकडा होता.

तुकडा बघून अंगणातल्या माना भिंतीकडं वळल्या. तसलं लुगडं गल्लीत एकाच बाईचं होतं, भिंतीपलीकडच्या रत्नव्वाचं.

विद्याश्री खांबाला टेकून हे बघत होती. कोल्हापुरातल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात ती नोकरीला होती. तिचे अप्पा, विरूपाक्ष, उन्हाळ्यात हृदयविकारानं गेले, तेव्हापासून दर रविवारी ती आईकडं यायची. आज आली तर दारात खड्डा. धाकट्या भावानं, सोमशेखरनं, बुवांना बोलावून आणलं होतं. आईला सारखं कसंतरी होतंय, तिच्या समाधानासाठी एकदा बघू, एवढंच तो म्हणाला होता.

आई, गौरव्वा, भिंतीकडं बघत होती. भिंतीपलीकडं रत्नव्वाकाकू, अप्पांची भावजय, भाकरीचं ताट घेऊन उभी होती. अप्पा गेल्यापासून या घरात संध्याकाळची भाकरी तिच्याकडूनच यायची.

"तू खाल्लंस माझ्या मालकाला," आई म्हणाली. "आणि वर मलाच भाकरी घालतीस."

काकूनं ताट भिंतीवर ठेवलं आणि ती आत गेली. दार लागल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

विद्याश्री पुढं झाली. "महाराज, हे कधीचं म्हणायचं?"

"तुझ्या आईच्या हळदीच्या दिशी पुरलंय, पोरी. तवापास्नं एकेक टाचणी तुझ्या बाच्या काळजात उतरत हुती."

तिनं खड्ड्यात हात घालून मूठ भरली आणि ट्रॅक्टरवाल्या बाळासोंपुढं उघडली.

"बाळासोमामा, ही कसली माती?"

"माती कुठली? मुरूम हाय. मीच टाकलाय की. म्हापुराचं पाणी घरात शिरलं, तवा तुझ्या बानं अंगण उचलून घेतलं. कमरंएवढी भर हाय ही."

"आणि खड्डा केवढा?"

बाळासो वाकले. वाकल्यावर त्यांच्या ध्यानात आलं. "गुडघ्याएवढा बी न्हाय," ते सावकाश म्हणाले. "म्हंजी काळी माती अजून लागलीच न्हाय. तुझ्या आईच्या हळदीचं अंगण लई खाली राहिलं."

"करणी वर चढती," बुवा म्हणाले. "दर आवशेला बोटभर."

"मग म्हापुरात पवत कर्नाटकात जायाची की," मागून कुणीतरी बोललं, आणि हशा पिकला.

विद्याश्रीनं शाल उचलून झटकली. आतून खिसा शिवलेला होता. त्यातून दुसरं गाठोडं पडलं, तसंच मातीत लोळवून ठेवलेलं, उद्याच्या कुणाच्या तरी अंगणासाठी. बुवांनी चपला शोधायला सुरुवात केली, पण बाळासोंनी त्यांची गचांडी धरली आणि दुसऱ्या हातानं चौकीला फोन लावला. माघारी जाताना मघाची हात जोडलेली माणसं सांगत होती, आमाला पहिल्यापास्नंच शंका हुती.

आई मात्र जागची हलली नाही. "गाठोडं खोटं असंल," ती म्हणाली. "इरकल तर तिचंच हाय न्हवं? ते त्याच्याकडं कसं गेलं?"

प्रश्न बिनतोड होता. तुकडा हातात घेऊन विद्याश्री घरात आली. महापुरात अंथरुणं वाहून गेली, त्या हिवाळ्यात काकूनं अप्पांना वाकळ शिवून दिली होती. मधोमध स्वतःचं ठेवणीतलं इरकल घातलं होतं, दिराला ऊब लागावी म्हणून. ती वाकळ अप्पांच्या खाटेवर होती. आता त्या खाटेवर सोमशेखर झोपायचा. विद्याश्रीनं घडी उलगडली. मधला जांभळा चौकोन कात्रीनं सरळ कापलेला होता. कडेचे टाके लोंबत होते.

सोमशेखर दारात उभा होता.

"तम्मा," धाकट्या भावाला ती कानडीतून अशीच हाक मारायची, "हे तू दिलंस?"

तो उंबऱ्यावरच खाली बसला. "त्या दिशी सकाळी अप्पा म्हणालं, छातीत कळ येतीया. मी म्हटलं पित्त हाय. सोडा दिला आणि रानात गेलतो. जो तो इचारतोय, दवाखान्यात कवा नेलास. महाराज म्हणालं, दवाखान्यानं वाचलंच नसतं. अक्का, तेवढं ऐकायला गेलतो मी."

"आणि काकूचं नाव?"

"काकूनं भिंतीवरनं सांगितलं हुतं. पित्त न्हवं रं, आत्ताच्या आत्ता ने. ते तिलाच ठावं हाय."

विद्याश्री खाटेवर बसली. काकूनं हे कुणालाच सांगितलं नव्हतं, आईलासुद्धा. रोज भाकरी देत राहिली आणि याची चूक झाकत राहिली. आणि यानं, ती कधी बोलेल या भीतीनं, तिचीच ऊब कापून तिच्यावर खुनाचा आळ घातला. बुवा परका होता, त्याचा धंदाच तो. हा तर अप्पांच्या अंथरुणात झोपत होता.

"हे आईला सांग," ती म्हणाली. "मी सांगणार नाही. तू सांगायचं."

त्यानं सांगितलं. आई रडली नाही. वाकळ आणि तो तुकडा उचलून ती भिंतीला वळसा घालून गेली आणि कडी वाजवली. दार उघडलं. काकूनं वाकळ घेतली, तुकडा घेतला, आणि दार पुन्हा लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भाकरी आली नाही.

करणी चालते ती अशी. घरातल्या कुणाला तरी स्वतःचं एखादं सत्य सोसत नसतं. ते तो बुवाच्या कानात टाकतो, आणि बुवा ते शेजारणीच्या नावानं अंगणातून उकरून काढतो. लिंबाला, बाहुलीला, टाचणीला कुणाला मारायची ताकद नाही. वेळेवर न गाठलेल्या दवाखान्याला आहे. म्हणून छातीत कळ आली की सोडा शोधू नका, गाडी शोधा. आणि माणूस गेल्यावर कुणी 'हे केलं कुणी' म्हणत दारात खड्डा खणू लागला, तर आधी त्याची शाल झटका आणि मग आपल्या घरातली अंथरुणं उलगडून बघा. करणी उतरवायला मंत्र लागत नाही. ज्यानं चूक केली त्यानं ती तोंडानं कबूल करायची असते. एवढं केलं तरी भाकरी लगेच परत येईल, असं मात्र कुणी समजू नये.