उलटी शिवण

मी एक जुनी शिलाई मशीन आहे. आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळ गावात, हौशीरामच्या घरात खिडकीपाशी गेली वीस वर्षे मी एकाच जागी उभी आहे. माझा काळा रंग हात लागून लागून उडाला आहे आणि अंगावरच्या सोनेरी वेलीची दोनच पाने शिल्लक आहेत. मित्रांनो, मशीनपाशी सांगण्यासारखे काय असणार, असे तुम्हाला वाटेल. चोळ्या, परकर, उशांचे अभ्रे, बाजाराच्या पिशव्या, असे पुष्कळ काही मी शिवले. ते सगळे मी विसरले तरी चालेल. पण एका मुलीचे कपडे मला विसरता येत नाहीत. त्यात माझी चूक आहे, आणि ती बोलून दाखवायला मला तोंड नव्हते.

सरूबाईच्या वडिलांनी तिच्या लग्नात मला दिले. नारायणगावच्या दुकानातून एसटीच्या टपावर दोरखंडाने बांधून मी या गावात आले, तेव्हा १९८९ साल चालू होते. सरूबाई ही हौशीरामच्या सख्ख्या मामाची मुलगी. म्हणजे तिची सासू धोंडाबाई ही तिची सख्खी आत्याच. आत्याने भाचीला हौसेने मागून घेतले होते. घरात सगळे ओळखीचे, त्यामुळे सरूबाई लवकर रुळली आणि मीही रुळले. दुपारची कामे उरकली की ती माझ्यापाशी बसायची. गावातल्या बाया कापड घेऊन यायच्या आणि म्हणायच्या, "सरूच्या मशीनची टीप उसवत न्हाई बघा." ते ऐकून मला मोठा अभिमान वाटायचा. आपली शिवण घट्ट असते, यापलीकडे मोठेपणा नाही, असे मी समजत होते.

१९९१च्या पावसाळ्यात सरूबाईला माहेरी, वारूळवाडीला मुलगी झाली. सव्वा महिन्याने ती बाळ घेऊन घरी आली. बाळाच्या उजव्या पायाला घोट्यापर्यंत कातडी नव्हती. जन्मली तशीच, लालबुंद. सुईण म्हणाली होती, भरून येईल. पाय थोडा भरलाही होता, म्हणून कुणी फारसे मनावर घेतले नाही. बारशाची तयारी सुरू झाली. सरूबाईने गुलाबी साटीनचे कापड आणले आणि झबले शिवायला घेतले. गळ्याला लेस, खांद्याला दुहेरी टीप. मी माझे सगळे कसब त्या झबल्यात ओतले.

बारसे झाले, मुलीचे नाव तेजस्विनी ठेवले. संध्याकाळी सरूबाईने झबले काढले तर बाळाच्या खांद्यांवर फोड आले होते. जिथून माझी शिवण गेली होती, बरोबर तिथूनच फोडांची रांग. बाळ कळवळून रडत होते. हौशीरामला राहवले नाही. पहिलीच लेक, फार लाडकी. त्याने दोन्ही काखांत हात घालून तिला उचलले, जसे सगळे उचलतात तसे. बाळ एकदम किंचाळले. त्याने घाबरून खाली ठेवले तेव्हा काखेतली पातळ कातडी सुटून त्याच्या बोटांना चिकटली होती.

तो न्हाणीत गेला आणि कितीतरी वेळ हात धूत राहिला. त्या दिवसापासून त्याने तेजूला उचलले नाही.

पुढचे काही महिने फार वाईट गेले. निंबाच्या पाल्याचे पाणी झाले, अंगारा झाला, कुणी सांगितलेला कसलासा लेप झाला. फोड येतच राहिले. एकदा धोंडाबाईने सुनेला विचारले, "ही पोटात असताना गिराणात काय चिरलं-बिरलं का गं तू?"

"न्हाई आत्या," सरूबाई म्हणाली. "दिवसभर अंधारात हातावर हात घेऊन बसून व्हते."

धोंडाबाईला ते पटले नाही. हौशीराम तिथेच जेवत होता. तो बायकोच्या बाजूने एक शब्द बोलला नाही.

शेवटी सरूबाईच हट्टाने बाळाला घेऊन पुण्याला मोठ्या दवाखान्यात गेली. चार दिवसांनी परत आली. धोंडाबाई तांदूळ निवडत होती. सरूबाई बाळाला मांडीवर घेऊन माझ्याशेजारी टेकली आणि हळूहळू सांगू लागली.

"डॉक्टरीणबाई चांगली व्हती. म्हणली, ह्यात कुणाचा दोष न्हाई. कातडीचे थर एकमेकाला धरून ठेवणारं जे काय असतं, ते हिच्यात जल्मापासून कमी हाय. म्हणून जरा घासलं की कातडी सुटती. ह्यो रोग लागत न्हाई कुणाला. पण बरा बी व्हत न्हाई. जपायचं, बास."

"पर आला कुठनं?" धोंडाबाईने विचारले.

"आईबापाकडनं. दोघांकडनं थोडं थोडं येतं म्हणली. दोघांत दिसत न्हाई, लेकरात दिसतं. एकाच घराण्यातली असली का तशी गाठ पडायचा संभव जास्ती असतो."

धोंडाबाईचे हात सुपातच थांबले. "म्हंजी माझ्या म्हायेरचं हाय," ती म्हणाली. "आन मीच तुला मागून आनली."

धोंडाबाईने त्यानंतर ग्रहणाचा विषय कधी काढला नाही. दुसऱ्या दिवशी तिने आपली जुनी, धुऊन धुऊन मऊ झालेली लुगडी पेटीतून काढली आणि जखमांवरच्या पट्ट्यांसाठी फाडून दिली. पुढे वर्षानुवर्षे ती हे करत राहिली. नातीजवळ बसून ती एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायची, "माझं चुकलं गं बाय." तेजूला ते काही कळायचे नाही.

डॉक्टरीणबाईंनी सरूबाईला सगळे नीट शिकवले होते. फोड वाढू द्यायचा नाही. उकळलेल्या सुईने बाजूला भोक पाडून पाणी काढायचे, पण वरची कातडी ओढायची नाही. व्हॅसलीन लावून मऊ कापड गुंडाळायचे. चिकटपट्टी कधीही लावायची नाही. उचलताना काखेत हात घालायचा नाही, एक हात बुडाखाली आणि एक मानेखाली घ्यायचा. आणि कपडे उलटे शिवायचे, म्हणजे शिवण अंगाला न लागता बाहेरच्या बाजूला राहील असे.

मग मी उलट्या शिवणी घालायला शिकले. जुने सुती कापड, टाके सैल, इलॅस्टिक नाही, गुंड्या नाहीत, फक्त बांधायला बंद. बघणाऱ्याला वाटावे, पोरीला कपडा उलटा घातला आहे. बाया आता माझे कौतुक करेनाशा झाल्या, त्यांची कापडेही कमी झाली. एकीने तर उघड विचारले, "त्याच मशीनीवर शिवतीस व्हय गं सगळ्यांचं?" सरूबाईने तिचे कापड घडी घालून परत दिले.

रोज सकाळी पट्ट्या बदलायला दोन तास लागायचे. आधी मिठाच्या कोमट पाण्यात भिजवून जुन्या पट्ट्या सोडवायच्या, मग नव्या बांधायच्या. बोटे एकमेकांना चिकटू नयेत म्हणून प्रत्येक बोटाला वेगळी पट्टी. तेजू रडायची, मोठी झाल्यावर दात आवळून बसायची. हौशीराम टेम्पो चालवायचा, टोमॅटोचे क्रेट नारायणगावच्या बाजारात पोचवायचा. पट्ट्यांची वेळ झाली की तो टेम्पो बाहेर काढायचा. भाडे नसले तरी काढायचा. लोकांना वाटायचे, याला लेकीचे काही नाही. पण रस्त्यावर जाऊन तो टेम्पोतच बसून राहायचा. मला खिडकीतून दिसायचे.

तेजू शाळेत जाऊ लागली. मुले तिला 'उलटी तेजू' म्हणायची. "माझी कातडी लई नाजूक हाय, म्हणून," ती सांगायची. काही मुलांना तेवढे पुरले, काहींना नाही. ती पाचवीत असताना, २००२ साली, सव्वीस जानेवारीच्या आधी तिने आईजवळ हट्ट धरला.

"मला एकदाच सगळ्यांसारखा ड्रेस शिव. शिवण आतून."

"लागंल तुला."

"एकच दिवस, आई."

सरूबाईने चार दिवस नाही म्हटले आणि पाचव्या दिवशी कापड माझ्यावर ठेवले. मी सैल टाका घातला, पण शिवण ती शिवणच. सव्वीस तारखेला सकाळी तेजू निळा-पांढरा ड्रेस घालून दारात उभी राहिली. हौशीराम चहा पीत होता. त्याने मान वर करून बघितले आणि हसून म्हणाला, "आज कशी चारचौघींसारखी दिसती माझी लेक."

बापाने असे कौतुक तिच्या आठवणीत पहिल्यांदाच केले होते. त्यामुळे झेंडावंदन झाले, कवायत झाली, भाषणे झाली, तरी तिने कुणाला काही सांगितले नाही. शाळा सुटल्यावर मैत्रिणींबरोबर गावभर फिरली. घरी आली तेव्हा कंबरेवर आणि खांद्यांवर ड्रेस रक्ताने चिकटला होता. सरूबाईने मिठाच्या पाण्याने भिजवत भिजवत तो सोडवला. हौशीराम दारात आला आणि तिथेच थांबला.

"दुखत व्हतं तर बोलली का न्हाईस?" त्याने विचारले.

"तुमी चांगली दिसती म्हणला व्हता, अण्णा," तेजू म्हणाली.

तो आत आला नाही, दारातूनच परत फिरला. त्यानंतर त्याने तिच्या कपड्यांबद्दल चांगले-वाईट काहीच बोलायचे सोडले. मित्रांनो, मला वाटते, त्याने तेव्हा बोलायलाच हवे होते. उलट्या कपड्यातही माझी लेक छान दिसते, एवढेच. पण गप्प राहिले की इजा होत नाही, असे त्याला वाटत असावे.

पुढे धोंडाबाई गेली. तेजू दहावीला आली. स्वतःच्या पट्ट्या ती आता स्वतः बांधत होती. घास गिळताना तिचा घसा सोलवटायचा, म्हणून ती मऊ भात आणि पातळ वरण खायची. डाव्या हाताची दोन बोटे इतके जपूनही एकमेकांना चिकटली होती. पण उजव्या हाताने ती लिहायची, आणि लिहायची तेही भरभर.

२००७च्या मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा आली. केंद्र मंचरला होते. उन्हाळा लागला की तिचे फोड वाढायचे, आणि नेमके दोन्ही तळपाय फोडांनी भरले. एक पाऊल टाकणे शक्य नव्हते. त्यात सरूबाई ओट्यावरून घसरली आणि तिचे मनगट मोडले. पहिल्या पेपरच्या सकाळी टेम्पो दाराशी होता, तेजू खाटेवर तयार होऊन बसली होती, सरूबाईचा हात प्लॅस्टरमध्ये होता, आणि हौशीराम माझ्यावर हात टेकून उभा होता.

"मला न्हाई जमायचं," तो म्हणाला. "कुणाला तरी बोलावतो."

"पेपर अकराला हाय, अण्णा," तेजू म्हणाली. "तुमीच उचला. मी सांगते तसं करा."

"कातडी सुटली तर?"

"सुटली तर भरंल. परीक्षा न्हाई भरून यायची."

तो खाटेजवळ गेला. तिने सांगितले, काखेत नको, हात मांडीखालनं घ्या. दुसरा पाठीखाली, सपाट ठेवा, बोटं रुतवू नका. ओढू नका, आधी टेका आणि मग उचला. त्याने तसेच केले. तेजू वर उचलली गेली. ती ओरडली नाही. हौशीराम तिला घेऊन खोलीच्या मध्यभागी तसाच उभा राहिला.

"एवढी हलकी?" तो सरूबाईला म्हणाला. "सोळाव्या वर्षी एवढी हलकी?"

"आजवर कधी घेतलीच न्हाई तुमी," सरूबाई म्हणाली. तिने हे रागाने म्हटले नाही, म्हणूनच ते मला जास्त लागले.

सगळे पेपर होईपर्यंत त्याने तिला रोज उचलून नेले आणि उचलून आणले. शेवटच्या पेपरच्या दिवशी सरूबाईचे प्लॅस्टर अजून निघायचे होते, पण तेजूचे पाय बरे होत आले होते. सगळे मिळून पेपरचे ते आठ दिवस. बारशानंतर बापाने लेकीला उचलले ते तेवढेच.

तेजू पास झाली. मंचरच्या कॉलेजात बारावी केली. मग पुण्याच्या त्याच डॉक्टरीणबाईंनी तिच्या बोटांची शस्त्रक्रिया ठरवली, आणि त्यानंतर मुलींच्या वसतिगृहात राहून ती संगणकाचा अभ्यासक्रम करणार होती. गेल्या महिन्यात ती गेली. दाराशी टेम्पो होता. हौशीराम सामान ठेवून आत आला आणि दोन्ही हात पुढे करून म्हणाला, "उचलू का?"

"नको अण्णा. पाय चांगले हायेत आता. चालते मी."

ती सावकाश, मऊ चपलांनी, एकेक पाऊल टाकत टेम्पोपर्यंत गेली. त्यात वाईट वाटावे असे काही नव्हते. आनंदाचीच गोष्ट होती ती. तरी हौशीरामचे हात थोडा वेळ तसेच पुढे राहिले.

तिला पोचवून तो दुसऱ्या दिवशी परतला. सरूबाई तयार टी-शर्ट उलटे करून त्यांच्या गळ्यातल्या टोचणाऱ्या लेबलाच्या पट्ट्या उसवत होती, पुण्याला पाठवण्यासाठी. आता शिवायचे काम थोडेच असते, त्यामुळे माझा पट्टा सैल पडला आहे आणि तेल घालायचे कुणाच्या लक्षात राहत नाही. मला त्याची तक्रार नाही. हौशीराम माझ्याशेजारच्या स्टुलावर बसला.

"सरू," तो म्हणाला, "ती ल्हान व्हती तवा कशी उचलायचीस गं तू?"

सरूबाईने कात्री खाली ठेवली. खाटेवरची उशी घेतली आणि दाखवले. एक हात बुडाखाली, असा. एक हात मानेखाली, असा. मग ती उशी तिने त्याच्या हातांत दिली. तो पन्नाशीला आलेला माणूस ती उशी कितीतरी वेळ छातीशी धरून बसला होता.

मित्रांनो, तुमच्या वर्गात, तुमच्या गल्लीत असे कुणी असेल, ज्याला हात लावायची तुम्हाला भीती वाटते. तेव्हा लांब जाऊ नका. तुला कसं धरू, एवढेच त्याला विचारा. त्याला ते ठाऊक असते. हौशीरामनेही विचारले. पण त्याला अठरा वर्षे लागली.