फूल आत की बाहेर

मास्तरीणबाईंनी चादरीची गाठ सोडली आणि आतला जुना व्हिडिओ कॅसेट प्लेअर दुकानाच्या काउंटरवर ठेवला.

“याचं चित्र आमच्या नव्या टीव्हीवर दिसायला हवं,” त्या म्हणाल्या. “आणि आजच.”

दुकानदाराने आधी प्लेअरकडे पाहिलं, मग त्यांच्या मागे उभ्या असलेल्या त्यांच्या नवऱ्याकडे. हे गृहस्थ त्याला पाठ होते. उभी हयात लोकांच्या समारंभांचं शूटिंग केलेले, म्हणून सगळे त्यांना व्हिडिओवाले म्हणत. आठ महिन्यांपूर्वी त्यांनी इथूनच पाच स्पीकर नेले होते. ते घरात खोक्यांतच बसून होते, कारण स्पीकर ज्याला जोडायचे तो रिसीव्हरच साहेबांना पसंत पडत नव्हता. याचा आवाज पातळ, त्याचं बटण ढिलं. मुलीला स्थळं पाहतानासुद्धा त्यांनी इतकी नाकं मुरडली नव्हती.

पण आज सूत्रं मास्तरीणबाईंच्या हातात होती. शाळेत तीस वर्षं खेळ शिकवलेल्या बाईच्या हातात सूत्रं गेली की शिट्टी वाजायचीच बाकी असते.

त्याला कारणही तसंच घडलं होतं. आठवड्यापूर्वी माळा आवरताना त्यांना एक कॅसेट सापडली. वर नवऱ्याच्या अक्षरात लिहिलं होतं, ‘बॅडमिंटन, अंतिम सामना’. चौतीस वर्षांपूर्वीचा तो सामना त्या हरल्या होत्या. शेवटच्या गुणाला त्यांनी मारलेलं फूल पंचांनी बाहेर दिलं आणि चषक समोरच्या मुलीला गेला. पुढे तीच मुलगी त्यांची थोरली नणंद झाली. तेव्हापासून घरातल्या एखाद्या समारंभात तो विषय निघाला नाही असं कधी झालं नाही. बाई म्हणत फूल आत होतं, वन्सं म्हणत बाहेर. हे शूटिंग वन्संच्या धाकट्या भावाने, म्हणजे व्हिडिओवाल्यांनीच केलं होतं, पण ती कॅसेट बुरशी लागली म्हणून टाकून दिली, असं ते छातीठोकपणे सांगत आले होते. आणि माळ्यावर सापडलेली पट्टी अगदी स्वच्छ, पहिल्यापासून लावून पाहायला तयार अशी गुंडाळलेली होती.

“बुरशी कुठे आहे?” बाईंनी विचारलं होतं.

“दुसऱ्या कुठल्या कॅसेटला असेल,” असं म्हणून व्हिडिओवाले दूध आणायला निघून गेले होते. दूध घरात होतं.

दुकानदाराने पहिला रिसीव्हर पुढे ओढला आणि त्याची पाठ बाईंकडे वळवली.

“ही बघा, पिवळ्या पिनेची तीन भोकं. तुमचा प्लेअर इथे लागतो आणि नव्या टीव्हीला फक्त चपटीच वायर चालते, ती तिथे. काम फत्ते.”

“लावून दाखवा.”

खरी कॅसेट बाईंनी घरी कुलुपात ठेवली होती. चाचणीला शाळेच्या स्नेहसंमेलनाची आणली होती. ती आत सरकली, घरघरली आणि दुकानभर मुख्याध्यापकांचं भाषण घुमलं. आवाज आला, मुख्याध्यापक काही आले नाहीत. पडदा काळाच राहिला.

“हे असंच होणार,” व्हिडिओवाले घाईने म्हणाले. “जुनं आहे सगळं. चला, नवीन मॉडेल निघेपर्यंत थांबू.”

“अहो, तुम्ही गप्प बसा. पुस्तिका आहे का हो याची?”

बाईंनी चष्मा चढवला. पुस्तिकेच्या शेवटी एक तक्ता होता: उभ्या रांगेत आत येणाऱ्या वायरी, आडव्या रांगेत बाहेर जाणाऱ्या, आणि मधे बरोबरच्या खुणा. आयुष्यभर गुणपत्रकं भरलेल्या डोळ्यांना तक्ता वाचायला कितीसा वेळ लागणार!

“हे पाहा,” त्यांनी बोट ठेवलं. “पिवळीतून आत आलेलं चित्र पिवळीतूनच बाहेर जातं. चपट्या वायरीच्या खाली खूणच नाही. म्हणजे हा चित्र बदलून देत नाही, नुसतं पुढे ढकलतो.”

दुकानदार खजील झाला. “बाई, मला हे आज कळलं. त्यासाठी वेगळी छोटी डबीही मिळते...”

“अजून एक डबी नको. स्पीकरही खोक्यांतून निघायला हवेत. एकातच सगळं करणारा दाखवा.”

दुसऱ्याच्या तक्त्यात खुणा भरपूर होत्या, नेमकी पिवळीची जागा रिकामी होती. तो न लावताच परत गेला. तिसरा मागच्या फळीवर होता, गेल्या वर्षीचा, झाकणावर ओरखडा असलेला. बाईंनी तक्त्यावरून बोट फिरवलं. खूण होती.

“लावा!”

पडदा एकदा निळा झाला, थरथरला आणि मुख्याध्यापक चापून बसवलेल्या केसांसकट अवतरले. बाईंनी भर दुकानात टाळी वाजवली. त्यांना इतका आनंद निवृत्तीच्या सत्कारालाही झाला नव्हता.

“झाकणावर ओरखडा आहे,” व्हिडिओवाले क्षीण आवाजात म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते.

“असू दे. गुंडाळा हो.”

पाच वाजता, सामना पाहायला बोलावलेल्या वन्सं आल्या, त्या दारातूनच बोलत.

“बाहेर होतं ते बाहेरच दिसणार हं! नंतर रडायचं नाही.”

“बसा तर खऱ्या, वन्सं. आज तुमची वाचाच बसते की नाही बघा.”

दोघी सोफ्याच्या कडेला टेकल्या. व्हिडिओवाल्यांनी कॅसेट सरकवली आणि काहीतरी तपासायचं निमित्त करून ते रिसीव्हरच्या मागे बसले.

पाचही स्पीकरांतून फुलाचा टक टक आवाज आला. पडद्यावर दोन वेण्यांची, सडसडीत मुलगी सर्व्हिस करत होती. बाई स्वतःकडे पाहतच राहिल्या. मुलगी धावली, वाकली, चुकली, जीभ चावली. गुण झाला, बाजू बदलली. चित्र त्या मुलीच्या मागोमाग पलीकडे गेलं.

“अरे, मी कुठे आहे?” वन्संनी विचारलं.

रिसीव्हरमागे वायरींची उगाच खुडबूड सुरू झाली.

“मी म्हटलं होतं माझा सामना घे म्हणून. यात माझा हातसुद्धा नाही!”

शेवटचा गुण आला. मुलीने उडी मारली, रॅकेट फिरली आणि फूल चित्राच्या चौकटीबाहेर गेलं. कॅमेरा त्याच्यामागे गेला नाही. तो मुलीच्या चेहऱ्यावरच थांबला. तो चेहरा आधी उजळला, मग पडला. स्पीकरांतून पंचांचा आवाज आला, ‘बाहेर!’ तरीही कॅमेरा तिथेच होता. मुलगी बाकावर बसली, पाणी प्यायली, डोळे पुसून बुटाची नाडी बांधू लागली. पट्टी संपेपर्यंत ती बांधत होती.

वन्संनी हळूच मान वळवली.

“दोन महिन्यांनी मी हिचं स्थळ सुचवलं, तेव्हा तू मला काय विचारलं होतंस रे? ‘कोण ती?’”

“पिवळी पिन सैल आहे बहुतेक,” रिसीव्हरमागून आवाज आला.

वन्सं हसल्या. मग गंभीर झाल्या आणि कितीतरी वेळ मांडीवरच्या पर्सची चेन लावत आणि उघडत राहिल्या.

“रेषेवर पडलं होतं ते,” त्या शेवटी म्हणाल्या. “माझ्या पायाशीच. आत होतं. मी पाहिलं होतं, पण बोलले नाही.”

मास्तरीणबाईंचं लक्ष नव्हतं. त्या उठून रिसीव्हरपाशी गेल्या होत्या आणि नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून वाकल्या होत्या.

“अहो, जरा मागे घ्या ना,” त्या म्हणाल्या. “मी पाणी पिते आहे, तिथपासून.” मग त्यांनी वळून पाहिलं. “काही म्हणालात का, वन्सं?”